दादा म्हणजे बहीण

४ ऑगस्ट १९८७, मंगळवार. दुपारपासून स्वातीचे कपडे इस्त्रीने वाळवते आहे. श्रावणात मुलुंडमध्ये कपडे वाळत नाहीत, नुसते कमी ओले होतात. पंख्याखाली दोरी बांधून झाली, खुर्च्यांच्या पाठी भरल्या, तरी जीन्सच्या शिवणी गारच. इस्त्री दाबली की वाफ उठते आणि खोलीभर कुबट वास पसरतो. परवा स्वाती, माझी मुलगी, विमानात बसणार आहे. माझा मोठा भाऊ, दादा, महिनाभराच्या रजेवर आला होता. तो परत निघालाय आणि भाचीला दोन महिन्यांसाठी सोबत नेतोय. केनियात नाकुरू नावाच्या गावाजवळ एका कापडगिरणीत तो स्पिनिंग मास्तर आहे. आमचे वडील लालबागला गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. दादा शिकला, मास्तर झाला, आणि इथल्या गिरण्यांची वाट लागायच्या आधीच तिकडे गेला.

"ती जाड पँट वर ठेव," तो मघाशी पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "डोंगरावर लागेल तिला."

"कुठल्या डोंगरावर?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या. लोंगोनोट."

मी इस्त्री उभी करून ठेवली. आपल्या म्हणे. जसा काही तो डोंगर आम्ही हप्त्यांवर घेतला होता.

तीन वर्षांपूर्वी याच महिन्यात मी त्या डोंगरावर होते. आमच्या औषधांच्या कारखान्यात तेव्हा टाळेबंदी होती, मी घरी बसले होते, आणि दादाने तिकीट पाठवलं. ह्यांना पोस्टातून रजा मिळेना, स्वातीचं कॉलेज. मी एकटी गेले. ऑगस्टमध्ये इथे भिंतींना ओल येते तेव्हा तिकडे कोरडी थंडी असते. गवत पेंढ्याच्या रंगाचं, आभाळ राखाडी पण पाऊस नाही, ओठ फुटतात, आणि दोरीवर टाकलेली साडी चहा होईपर्यंत वाळते. म्हणून दर श्रावणात, हातात ओले कपडे असले की मला तो मोसम आठवतो. आठवतो म्हणजे आधी भीती येते आणि मग चित्रं.

मी घाबरट बाई नाही. पॅकिंग सेक्शनची सुपरवायझर आहे, दिवसभर माणसं सांभाळते. आमच्या कॉलनीमागच्या डोंगरातून बिबट्या उतरतो आणि एखादं कुत्रं उचलून नेतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तशा दिवसांतही मी पहिल्या पाळीला टॉर्च आणि छत्री घेऊन चालत गेले आहे. त्यामुळे त्या एका मोसमात मी रोज घाबरले होते, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मी सांगितलंही नाही.

पहिली भीती कापडाची होती. मासाई मारा म्हणून तिकडचं अभयारण्य आहे, तिथे आम्ही नदीकाठी तंबूत उतरलो. दादा म्हणाला, "चेन लावून घे नीट. बाकी काही नाही." बाकी काही नाही हेच तर. कापड किती सहज फाटतं हे गिरणीवाल्याच्या घरात जन्मलेल्या मला कुणी सांगायला नको. पहाटे जाग आली ती तंबूला काहीतरी घासल्याच्या आवाजाने. बाहेर रेडा होता, रानटी. तबेल्यातल्या म्हशी मी लहानपणापासून बघत आले आहे, पण त्यांच्या श्वासाने कधी माझी उशी हलली नव्हती. शेजारच्या खाटेवर नलिनीवहिनी, दादाची बायको, शांत झोपलेली. इतक्या वर्षांत तिला सवय झाली होती. मी हलले नाही. रेड्याने गवत उपटल्याचा करकर आवाज येत होता आणि त्या प्रत्येक करकरीला मी दात आवळत होते.

सिंह बघितला तो जीपमधून. खाऊन बसला होता, तोंडाभोवती लाल. त्याने माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, भूक नव्हती. साकीनाक्याला बसच्या रांगेत उभं असताना समोरचा माणूस बघतो तसं बघितलं आणि मान फिरवली. वहिनी म्हणाली, "बघ, काही करत नाही." मला मात्र घाम फुटला. आपलं असणं-नसणं कुणाच्या इतकं खिजगणतीतही नसावं, हे मी आधी कधी अनुभवलं नव्हतं.

आणि ते विल्डबीस्ट. पुढून म्हैस, मागून घोडा, हनुवटीला दाढी. नदीच्या काठावर हजारोंनी गोळा झालेले आणि पहिलं पाऊल कुणीच टाकत नव्हतं. मग एकाने उडी मारली आणि सगळेच कोसळले. धूळ, पाणी, मगरी. पलीकडे पोचलेली एक मादी काठावर उभी राहून ओरडत होती. तिचं पिल्लू अलीकडेच राहिलं होतं, तेही ओरडत होतं. मध्ये शेकडो ओरडत होते. मला सगळ्यांचा आवाज एकच वाटला. दादा म्हणाला, "आवाजावरून ओळखतात ती एकमेकांना." मी त्या पिल्लाकडे बघत राहिले. ड्रायव्हरने जीप वळवली तेव्हा ते अजून अलीकडेच होतं.

मासाईंच्या, तिकडच्या गुराखी लोकांच्या वस्तीत मात्र बरं वाटेल असं मी धरून चालले होते. काट्यांच्या कुंपणात गोल मांडलेली बुटकी घरं, छपरासकट शेणाने लिंपलेली. आत वाकून गेलं की धूर आणि सारवणाचा वास. तो वास ओळखीचा होता, आईच्या माहेरचा, कुडाळकडचा. घरं बायकाच बांधतात, असं वहिनीने सांगितलं. मी भिंत चाचपून बघितली, काम चोख होतं. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. गळ्यात मण्यांच्या ताटल्याच्या ताटल्या, कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत. तिने माझा हात धरला आणि माझ्या तळहातावर थुंकली.

मी हात झटकला. माझ्या मागे उभे असलेले पुरुष एकदम गप्प झाले. त्यांच्या हातांत भाले होते.

"झटकू नको गं," दादा हळू आवाजात म्हणाला. "आशीर्वाद दिला तिने तुला. हात धर परत."

मी हात पुढे केला. म्हातारीने तो धरला, परत थुंकली, आणि हसली. वस्तीतून बाहेर येईपर्यंत मी तो हात अंगापासून लांब धरून चालत होते. परतीच्या वाटेवर आठवलं, स्वाती लहान असताना दृष्ट काढून झाली की आई तिच्यावरून थू-थू करायची. ते मला कधी घाण वाटलं नव्हतं. पण तिथे एका चुकीच्या समजुतीवर किती माणसं गप्प होतात, आणि ती गप्प झाली की कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं. अर्थ कळायला थोडा उशीर झाला तरी चालतो असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. मग आम्ही लोंगोनोटला गेलो.

लोंगोनोट ज्वालामुखी आहे. झोपलेला, असं दादा म्हणतो. पायथ्याला झेब्रे आणि जिराफ चरतात आणि त्यांच्यामधून पायवाट वर जाते. वाट म्हणजे राखेची घळ. पाऊल टाकलं की अर्धं खाली सरकतं. सोबतीला लेमायान नावाचा मासाई माणूस होता, चाळिशीचा असेल, अंगावर लाल चादर, पायात टायरच्या चपला, हातात काठी. त्याला इंग्रजी नव्हतं, मला स्वाहिली नव्हतं. बोलायचं काम दादाचं आणि वहिनीचं. वहिनीचे गुडघे दुखायचे. ती अर्ध्या वाटेवर एका झाडाखाली थर्मास घेऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी इथून हलत नाही." लेमायानने तिच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "दादा याको?" मला त्यातलं दादा कळलं. दादाची बायको का, असं विचारतोय असं वाटलं. मी मान हलवली. "हो हो, दादा."

तो सोमवार होता. दादाला श्रावणी सोमवार. परदेशात राहून त्याने मांस-मच्छी कधी सोडली नाही, आणि श्रावणी सोमवारही नाही. मधुमेह होता, सकाळची गोळी त्याने घेतली होती, आणि वर काही खाल्लं नव्हतं. काहीतरी खा म्हणून मी सांगून बघितलं. "उपास मोडून देवाला काय तोंड दाखवू?" म्हणाला.

माथ्यावर पोचलो आणि पलीकडे जमीनच नव्हती. मोठा गोल खड्डा, तळाशी हिरवंगार रान, आणि आतल्या भिंतींमधून ठिकठिकाणी वाफ निघत होती. कडेकडेने अरुंद वाट. एका बाजूला आपण चढून आलो तो उतार, दुसऱ्या बाजूला ते. दादा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी दम खातो." आम्ही थोडे पुढे गेलो. मग धुकं आलं. खालून वर आलं, दूध उतू जाताना भांड्याच्या काठावर येतं तसं, आणि खड्डा भरून आमच्यावर. मी मागे वळून हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. लेमायानला म्हटलं, "दादा, दादा." मागे हात दाखवला, तोंडावर हात नेला, डोळे मिटून दाखवले. जे सुचलं ते केलं. त्याला समजलं. त्याचा चेहरा गंभीर झाला. त्याने मला खांदे धरून खाली बसवलं, काठीने माझ्याभोवती राखेत गोल काढला, इथून हलायचं नाही अशी खूण केली, आणि धुक्यात पळत गेला.

मी बसले. मला हायसं वाटलं होतं. तो दादाला आणायला गेलाय.

वेळ जात राहिला. दादाला आम्ही जवळच सोडलं होतं, हाकेच्या अंतरावर. लेमायान परत येत नव्हता. मी "दादा" म्हणून ओरडत होते आणि खड्ड्यातून माझाच आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा परत येत होता. कुठेतरी एक दगड सुटला. तो गडगडत आतल्या बाजूने खाली गेला. मी त्याच्या थांबण्याची वाट बघत राहिले. थांबल्याचा आवाज आलाच नाही.

तो दगड दादाच्या पायाखालचा होता, असं मी धरलं. मग दगडाच्या जागी दादाच. मी रडले नाही, ओरडायचीही थांबले. वहिनीला कुठल्या शब्दात सांगायचं ते ठरवलं. ह्यांना तार करायची तर इंग्रजीत काय लिहायचं, मजकूर जुळवला, त्यातला एक शब्द जास्तीचा वाटला म्हणून काढूनही टाकला. एवढ्या लांब मी जाऊन पोचले होते. गोलाच्या बाहेर राखेवर माझी पावलं दिसत होती आणि त्यांच्यावर धुक्याचे थेंब बसत होते.

शेवटी लेमायान आला. त्याच्या खांद्यावर एक हात टाकून, दुसऱ्या हातात थर्मास, धापा टाकत, वहिनी.

"काय झालं गं तुला?" ती म्हणाली. "हा मला ओढत घेऊन आला. तुला काय होतंय?"

"मला? दादा कुठाय?"

"म्हणजे? ते तुमच्याबरोबर नाहीत?"

तिथे कळलं. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. मी वहिनीला बहीण म्हणून कबूल केलं होतं आणि मग बहीण हवी म्हणून हातवारे केले होते. बिचारा पळत गेला, माझी बहीण घेऊन आला. जाताना आणि येताना दोन्ही वेळा तो दादाच्या बाजूने गेला असणार. वहिनीने त्याला सांगितलं, काका, काका हरवलाय. तिकडे काका म्हणजे भाऊ. लेमायानने कपाळावर हात मारून घेतला.

मग आम्ही तिघं परत त्या वाटेने निघालो. वहिनी ओरडत होती, "अहो! अहो!" मी ओरडत होते, "दादा!" लेमायान ओरडत होता, "काका!" धुक्यात तीन माणसं तीन वेगवेगळ्या माणसांना शोधत असावीत तसं. माझ्या लक्षात आलं की आमच्यातल्या एकानेही त्याचं नाव घेतलेलं नाही. मी जन्मात घेतलं नव्हतं. मी थांबले आणि जेवढा आवाज उरला होता तेवढा काढून ओरडले, "वसंत!"

वाटेच्या खालून, झुडपातून, अगदी बारीक आवाज आला. "कोण गो माझा नाव घेता?"

वाटेपासून थोडा खाली घसरून तो एका घळीत बसला होता. शर्ट घामाने भिजलेला, अंग गार, डोळे माझ्याकडे बघत होते पण माझ्यावर ठरत नव्हते. "माका काय्येक झाला नाय," म्हणाला आणि मान टाकली. साखर उतरली होती. मी रोज गोळ्यांच्याच कारखान्यात जाते, मला ते बघताक्षणी कळलं. माझ्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या होत्या, विमानात मळमळू नये म्हणून घेतलेल्या. त्या दगडाने ठेचून थर्मासच्या चहात कालवल्या आणि घोट घोट त्याच्या तोंडात घातला. म्हणजे मी त्या गोलात बसून तारेचा मजकूर जुळवत होते तेव्हा सगळा वेळ औषध माझ्या मांडीवर होतं.

आता हा आमच्या घराण्यातला किस्सा झालाय. लग्नात, बारशात, दादा रजेवर आला की फर्माईश होते. तो सगळ्यांचे आवाज काढतो, वहिनीचं अहो, माझं दादा, लेमायानचं काका. "आणि ही," माझ्याकडे बोट दाखवून, "ही माझं नाव घेते. मी म्हटलं, मरतोय तर मरतोय, पण आधी हिला झापली पाहिजे." लोक पोट धरून हसतात. मीही हसते, हसण्यासारखं आहेच. त्याच्या गोष्टीत दगड नाही, कारण तो त्याला माहीत नाही. तार नाही. तो आहेच अजून समोर बसलेला, गोष्ट सांगत, त्यामुळे ऐकणाऱ्याला भीती वाटायचं कारण नाही.

काल सोमवार होता. दादाचा उपास.

"गोळी घेतलीस?" मी सकाळी विचारलं.

"घेतली."

"आणि खाल्लंस?"

"संध्याकाळी सोडीन ना उपास. तू आता डॉक्टर होऊ नको."

मी त्याच्यापुढे केळी आणि दूध आणून ठेवलं आणि संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. इथे मी उभी राहू शकते.

आज ती जाड पँट दाबता दाबता स्वातीला म्हटलं, "मामाबरोबर चालायचं. पुढे जायचं नाही, तो म्हणाला व्हा पुढे तरी."

"आई, किती वेळा? आणि हरवलाच तर मी हाक मारेन ना."

"काय म्हणून?"

"मामा म्हणून. अजून काय?"

दादा पेपरामागून हसायला लागला. "मारली हाक. तिकडे मामा म्हणजे आई गं! अख्खा डोंगर म्हणेल, बिचारीला आईची आठवण येतेय."

स्वाती हसत सुटली. नुकतेच पोस्टातून आलेले हे पण हसले. मी हसले नाही. मला ते दिसलं. धुक्यात ही पोर ओरडतेय, मामा, मामा, आणि ऐकणाऱ्याला त्यात वावगं काहीच वाटत नाही. घाबरलेलं लेकरू आईलाच हाक मारतं, जगात सगळीकडे. माझ्या हाकेवर निदान कुणी धावत तरी गेलं होतं, भलत्याच दिशेने का होईना. हिच्या हाकेवर कुणी डोक्यावरून हात फिरवेल आणि तिथेच बसवून ठेवेल.

"मी काका म्हणेन मग," स्वाती म्हणाली. "पाठ करते. काका, काका, काका."

"मामाला काका? तुझ्या बाबांना काय वाटेल?" दादा म्हणाला आणि परत हशा.

पाठ करून उपयोग नाही, हे मी तिला सांगू शकले असते. घाबरल्यावर तोंडातून जे निघतं ते पाठ केलेलं नसतं. ते आतून येतं, दुधाच्या दातांबरोबर आलेलं. मी तिथे महिनाभर होते, बाई, पाणी, चहा, थांब, सगळ्याला तिकडचे शब्द शिकले होते, आणि नेमक्या वेळी तोंडातून दादाच निघालं.

तिला पाठवायची नाही, हे म्हणायला मी तोंड उघडलं होतं. इस्त्री खाली चरचरत होती. स्वाती आरशासमोर दादाची टोपी घालून बघत होती. एकोणीस वर्षांची आहे, आरे कॉलनीच्या पलीकडे एकटी कधी गेलेली नाही. नाही म्हटलं असतं तर ती रडली असती आणि राहिली असती, एवढी ती शहाणी आहे. आणि दादा एकटाच चढला असता, सोमवारी, उपाशी. तिथे त्याच्याबरोबर कुणीतरी असलं पाहिजे, आणि वहिनीचे गुडघे आता त्या अर्ध्या वाटेपर्यंतही जात नाहीत. दोन भीती होत्या. एक घरी ठेवली की दुसरी वाढत होती. मी तोंड मिटलं आणि पँट उलटी करून दुसरी बाजू दाबायला घेतली.

५ ऑगस्ट, बुधवार. आज मला दुसरी पाळी होती. सकाळी उठले, डबा केला, आणि दुकानं उघडायच्या वेळेला स्टेशनजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. क्रिकेटच्या बॅटी, कॅरमच्या सोंगट्या, मागे टांगलेले फुटबॉल. शिट्टी मागितली. त्याने प्लॅस्टिकची काढली. मी म्हटलं, पितळेची, पंचांकडे असते तशी. त्याने दिली, मी ती रुमालाने पुसली आणि दुकानातच वाजवली.

"बाई, काय हे," तो कानावर हात ठेवून म्हणाला.

मी त्याला विचारलं, पलीकडे ऐकू गेली असेल का. उत्तराची वाट न बघता पायरीवर आले, पावसात तोंड काढलं आणि परत वाजवली, लांब, दम संपेपर्यंत. रस्त्यापलीकडे एक रिक्षावाला थांबला आणि कोण बोलावतंय ते बघायला लागला.

मी आत गेले आणि दोन घेतल्या.